रुसव्यातलं ‘तुम्ही’

हात बांधताना भांडायचं नाही, हा नियम मीच केला होता आणि त्या दुपारी तो मीच मोडला.

लढतीला अजून दीड तास होता. खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतभर आरसा आणि कोपऱ्यात बर्फाची पेटी. माझी धाकटी बहीण खुर्चीवर उलटी बसली होती, खुर्चीच्या पाठीवर मनगट टेकवून आणि बोटं फाकवून. आधी मनगट, मग पंजा, मग बोटांच्या बेचक्यांतून पट्टी ओढून घ्यायची, मुठीच्या हाडांवर जाड घडी ठेवायची आणि वरून चिकटपट्टी. मी दवाखान्याच्या अपघात विभागात एकवीस वर्षं ड्रेसिंग करते. माझी पट्टी पेशंटच्या अंघोळीलाही दाद देत नाही, समोरच्याच्या जबड्याला काय देणार!

डावा हात झाला. उजवा हातात घेतला तर अंगठ्याचं नख वाढलेलं. नेलकटर शोधायला मी तिच्या पिशवीत हात घातला आणि हाताला गोळ्यांचं पाकीट लागलं. डोकेदुखीच्या गोळ्या, त्याही जहाल. दहातल्या आठ संपलेल्या. पाकिटाला गुंडाळलेली दुकानाची पावती परवाची होती.

“डोकं कधीपासून दुखतंय?”

“नाही दुखत.”

“मग आठ गोळ्या कुणी खाल्ल्या? पिशवीने?”

“ताई, आत्ता नको.”

“आत्ता नको तर कधी? पालथी पडल्यावर? मला पहिल्यांदा सांगायचं ठरलं होतं आपलं. डॉक्टरांना सांगितलंस?”

मास्तर, म्हणजे तिचे प्रशिक्षक, दारात उभे राहून घड्याळाकडे बघत होते. ते काहीच ऐकू न आल्याचं सोंग करत होते, आणि ते त्यांना मुळीच जमत नव्हतं.

धाकटीने उजवा हात पुढे केला, मान भिंतीकडे वळवली आणि म्हणाली, “ताईसाहेब, तुम्ही फक्त पट्टी बांधा.”

हे ‘तुम्ही’ माझ्या ओळखीचं. आमच्या दोघींत चौदा वर्षांचं अंतर. आई लाँड्रीत दोन-दोन पाळ्या करायची, त्यामुळे हिचं न्हाऊमाखू, अभ्यास, मार आणि लाड सगळं माझ्याकडे. सहा वर्षांची असताना तिची पाय तुटलेली बाहुली मी कचऱ्यात टाकली, त्या दिवशी तिने पहिल्यांदा मला ‘तुम्ही’ म्हटलं. एरवी मी ‘ए ताई’. रुसली की ‘ताईसाहेब’, आणि मग सगळी क्रियापदं आदरार्थी. “तुम्ही जेवून घ्या.” “तुमचं तुम्ही बघा.” एकदा नववीत तब्बल अकरा दिवस. या रुसव्याच्या दोन खुणा होत्या. आधी ‘ताईसाहेब’ लागायचं, आणि बोलताना ती माझ्याकडे चुकूनही बघायची नाही.

मी मुकाट्याने उजवा हात बांधला. तपासनीस आला, त्याने दोन्ही मुठी दाबून पाहिल्या आणि पट्टीवर पेनाने सही केली. गोळ्यांचं पाकीट मी माझ्या खिशात टाकलं. डॉक्टरांकडे जाऊन सांगावं असं दोनदा मनात आलं आणि दोन्ही वेळा मी मनाची समजूत काढली. माझी एक अट होती ना! त्या अटीवर मी विसंबले, आणि त्याबद्दल मी स्वतःला आजही माफ केलेलं नाही.

अटीचं सांगायच्या आधी हिचं सांगायला हवं. सगळे तिला ‘गाठ’ म्हणतात. टायरच्या दुकानावरच्या खोलीत मास्तर कुस्ती आणि ठोसे-लाथा एकत्र असलेली लढत शिकवायचे, तिथे ही सोळाव्या वर्षी गेली आणि दुसऱ्याच आठवड्यात तिने स्वतःपेक्षा वीस किलो जड मुलाला हातापायांत असं अडकवलं की तो रडकुंडीला आला. मास्तर म्हणाले, “ही पोरगी नाही, गाठ आहे. सुटायची नाही.” नाव पडलं ते पडलंच. पुढे पोस्टरवर तिच्या फोटोखाली ‘गाठ माझ्याशी आहे’ असं छापायला लागले. मला ते नाव आवडत नसे. आमच्या दवाखान्यात तो शब्द हळू आवाजात उच्चारतात.

नऊ वर्षांत एकोणीस लढती, अठरा विजय. पहिल्या लढती शाळेच्या हॉलमध्ये, जमिनीवर गाद्या टाकून. तिथे बघायला माणसं कमी आणि लढणाऱ्यांचे नातेवाईक जास्त. मग जाळीचा पिंजरा आला, दिवे आले, कॅमेरे आले. तीन वर्षांपूर्वी विजेतेपदाचा पट्टा आला. चार वेळा तिने तो राखला. मी प्रत्येक वेळी तिच्या कोपऱ्यात होते, एका हातात सूज दाबायला बर्फाने गार केलेला लोखंडी ठोकळा आणि दुसऱ्या हातात कापूस. तिच्या अंगावरची प्रत्येक शिवण मला पाठ आहे. लोक तिच्या पट्ट्याकडे बघायचे आणि मी भुवयांकडे.

दोन वर्षांपूर्वी सरावात तिच्या डोक्याला कुणाचातरी गुडघा लागला. ती पडली नाही की काही नाही. पण पुढचा अर्धा तास मला विचारत राहिली, “आज वार कोणता?” मी सांगायचे, ती “हं” म्हणायची आणि मिनिटाने पुन्हा विचारायची. सातव्यांदा विचारलं तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं. बाहेर येऊन अट घातली. प्रत्येक राऊंडनंतर मिनिटभराची विश्रांती असते, त्यात मी तिच्याशी बोलणार. मला काही खटकलं आणि मी ‘थांबवा’ म्हटलं की लढत थांबवायची. कारण विचारायचं नाही. मास्तरांनी तोंड वाकडं केलं पण मान डोलावली. धाकटी हसली होती. “तू असताना मला काय होतंय?” म्हणाली होती.

तर त्या दुपारी पाचवी वेळ होती पट्टा राखायची. समोर होती रंधा. उंच, हाडकुळी, घाई न करणारी. लाकूड तासावं तशी माणसाला थोडं थोडं तासून काढते, म्हणून रंधा. पाच राऊंडची लढत. पहिला राऊंड आमचा. दुसरा तर निर्विवाद आमचा. गाठीने तिला जाळीला दाबून दीड मिनिट श्वास घेऊ दिला नाही. हॉलमधली माणसं उभी राहिली होती. मास्तर दोन्ही हातांनी स्वतःच्याच मांड्या बडवत होते. मी मात्र खिशातल्या त्या पाकिटाला हात लावून बसले होते.

तिसऱ्या राऊंडची चाळीस सेकंद उरली असताना दोघी अंगाला अंग भिडवून उभ्या होत्या. तेवढ्या फटीतून रंधाचं कोपर आलं, आडवं, थेट कानशिलावर. मी आवाज ऐकला. धाकटी एका गुडघ्यावर बसली आणि लगेच उठली. उठली, रंधाच्या कमरेला मिठी मारली आणि घंटेपर्यंत सोडली नाही. लोकांनी टाळ्या पिटल्या. मास्तर मला म्हणाले, “बघितलंस? याला म्हणतात चॅम्पियन!”

साठ सेकंद.

ती आमच्याच कोपऱ्यात आली. सरळ चालत. स्टुलावर बसली. डाव्या भुवईवर बोटभर चीर पडली होती, त्यात मी कापसाची काडी दाबली आणि दुसऱ्या हाताने ठोकळा गालाला लावला. मास्तर तिच्यासमोर उकिडवे बसून बोलतच होते, “डावीकडून येऊ देऊ नकोस, अंतर ठेव, दोन राऊंड आपले आहेत.”

“कितवा झाला?” मी विचारलं.

“तिसरा.”

“समोर कोण आहे?”

“रंधा.”

डॉक्टर आले. त्यांनी टॉर्च मारला, एक बोट फिरवून दाखवलं. तिचे डोळे बोटामागे नीट फिरले. “ठीक आहे,” म्हणून ते मागे सरले. माझाही श्वास सुटला. मी चिरेवर व्हॅसलीन भरायला लागले.

तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं. चांगलं रोखून, नीट पाहिलं, आणि म्हणाली, “अहो, तुमच्या बाहीला माझं रक्त लागलं. सॉरी हं.”

माझा हात जागच्या जागी थांबला.

ते ‘अहो’ गोड होतं. रुसव्यात ती असं गोड कधीच बोलत नाही. ‘ताईसाहेब’ नव्हतं. आणि सॉरी? माझ्या अंगावर रक्त, घाम, एकदा तर अख्खी ओकारी सांडून तिने मला कधी सॉरी म्हटलं नव्हतं. दवाखान्यात नवीन आलेला सभ्य पेशंट असं बोलतो.

“मी कोण?” मी विचारलं.

ती हसली. फोटो काढायला आलेल्या लोकांकडे बघून हसते, तसं. “आता काय हे? सोडा ना.”

“मास्तर, हिला मी ओळखू येत नाहीये.”

“अगं, रुसलीय ती तुझ्यावर! मघाशी झालेलं विसरलीस? तोंडावर पाणी मार आणि हो बाजूला.”

रुसलीय. असेलही. आदल्या दोन तासांत तिने मला चार वेळा ‘तुम्ही’ म्हटलं होतं आणि चारही वेळा मास्तरांनी ते ऐकलं होतं. तिला राऊंड माहीत होता, समोरची माहीत होती, कोपरा माहीत होता, डॉक्टरांनी पास केलं होतं. एवढ्या माणसांत एक मी होते, जिला एका शब्दाचा वास येत होता. आणि तो शब्द तरी काय? साधा ‘अहो’. तो मी कुणाला समजावणार? रेफरीला सांगू, की साहेब, माझी बहीण माझ्याशी नम्रपणे बोलली, लढत थांबवा?

दहा सेकंद उरल्याची शिट्टी झाली. मास्तरांनी स्टूल ओढलं. ती उठली, दातांवरचं रबरी कवच बसवलं, दोन्ही मुठी एकमेकींवर आपटल्या. मी बांधलेल्या मुठी. पिंजऱ्याच्या दारातून बाहेर पडता पडता मी वळले. मला भयंकर भीती वाटत होती, चुकण्याचीही आणि बरोबर असण्याचीही. मी दोन्ही हात डोक्यावर हलवले आणि रेफरीकडे बघून ओरडले, “थांबवा! आमच्या कोपऱ्याकडून थांबवा!”

रेफरीने पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. मग त्याने हात हलवून लढत संपवली.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांत आठवतं. मास्तरांनी स्टूल लाथाडलं. रंधा स्वतःच गोंधळून उभी होती, तिला जिंकल्याचं कळायलाच वेळ लागला. वरून कुणीतरी पाण्याची बाटली भिरकावली, ती माझ्या खांद्याला लागली. धाकटी आधी रेफरीकडे गेली, मग माझ्याकडे बघत उभी राहिली. तिच्या कमरेला बांधायचा पट्टा रंधाच्या कमरेला बांधला गेला तेव्हा ती हमसून रडली. लहानपणी रडायची तशीच, तोंड उघडं टाकून. मी जवळ गेले तर तिने माझा हात झिडकारला.

दवाखान्यात डोक्याचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, रक्तस्राव नाही, थोडी सूज असेल किंवा नसेलही, खात्रीने सांगता येत नाही. “थांबवलंत ते वाईट केलं नाही,” म्हणाले. आणि “चांगलं केलंत” असंही काही ते म्हणाले नाहीत. नियमाप्रमाणे सहा महिने लढायला बंदी लागली.

दुसऱ्या दिवशी तिने कॅमेऱ्यांसमोर सांगितलं, “मला काहीही झालं नव्हतं. मला रंधाने नाही हरवलं, माझ्या कोपऱ्याने हरवलं.” त्याच दिवशी ती बॅग भरून मास्तरांकडे राहायला गेली. अपघात विभागात टाके घालून घ्यायला आलेले लोकसुद्धा मला विचारायला लागले, “चॅम्पियनला घरी बसवणाऱ्या त्या तुम्हीच ना?” मी त्यांचेच टाके घालत होते, म्हणून शिव्यांतून वाचले.

रात्रंदिवस मी तेच एक मिनिट उगाळत होते. कधी वाटायचं, ते ‘अहो’ रुसव्याचंच होतं आणि मी पोरीच्या नऊ वर्षांच्या मेहनतीवर पाणी ओतलं. कधी वाटायचं, नाही, मी माझी बहीण ओळखते. मी बरोबर होते असं कुणीतरी एकदा म्हणावं, यासाठी माझा जीव टांगणीला लागला होता.

तेविसाव्या दिवशी, दुपारी, मी ट्रेमध्ये चिमटे लावत होते, तर ती ड्रेसिंगच्या खोलीत आली. भुवईवरची शिवण छान मिटली होती. हातात एक कागद.

“ए ताई.”

मी चिमटे मोजल्यासारखं केलं.

“रंधाशी पुन्हा लढत ठरतेय. अडीच महिन्यांनी. पण बंदी उठायला हवी. तू यावर सही कर, की तू गैरसमजातून थांबवलंस, माझ्या तब्येतीमुळे नाही. बाकी डॉक्टरांचं मास्तर बघतील.”

कागदावर सगळं टाईप केलेलं होतं. माझं नाव, माझं काम, खाली सहीला जागा.

“कसला गैरसमज?”

“अगं, मी ‘तुम्ही’ म्हटलं म्हणून तू घाबरलीस ना? रुसले होते मी! रुसल्यावर म्हणते की नाही मी? तुझ्याइतकं कुणाला माहितेय ते?” ती टेबलाच्या कडेवर बसली. “मी रागावलेली नाहीये आता. खरंच. अडीच महिन्यांत पट्टा परत आणते, तूच बांध हात. पण ही लढत गेली ना, तर सव्वीस-सत्तावीस म्हणता म्हणता संपलं माझं. सही कर ना, ताई.”

पेन माझ्या खिशातच होतं. मी ते काढलंसुद्धा. ती परत ‘तू’ म्हणत होती, आणि त्या एका ‘तू’साठी मी त्या क्षणी कशावरही सही केली असती, खोटं का सांगू?

“रुसली होतीस कशावरून?” मी सहज विचारलं. खरंच सहज. पेनाचं टोपण काढता काढता.

“म्हणजे?”

“भांडण कशावरून झालं होतं आपलं?”

“ते... पट्टी घट्ट बांधलीस म्हणून.”

“नाही.”

“वजनावरून मग. तू माझं पाणी तोडलंस ना आदल्या दिवशी.”

“ते मास्तरांनी तोडलं होतं.”

बाहेर कुणाचंतरी स्ट्रेचर खडखडत गेलं. तिने भुवईवरच्या शिवणीला बोट लावलं.

“तू रुसली होतीस हे तुला आठवतंय,” मी हळूच म्हणाले, “की मास्तरांनी सांगितलं?”

तिने कागदाची एक घडी घातली, मग दुसरी. बराच वेळ ती घडीवर नख फिरवत राहिली. तेवीस दिवस मला बरोबर ठरायचं होतं. आता मला इतकं मनापासून चूक ठरायचं होतं, की मी मनातल्या मनात तिला उत्तर पुरवत होते. गोळ्या, गं. गोळ्या म्हण.

“तूच सांग ना,” ती शेवटी म्हणाली. आवाज अगदी लहान झाला होता. “कशावरून भांडलो होतो आपण?”

मी खण उघडला. ते पाकीट मी तिथेच ठेवलं होतं, पावतीसकट. मी ते तिच्या तळहातावर ठेवलं. तिने उलटंसुलटं करून पाहिलं, रिकाम्या आठ जागांवरून अंगठा फिरवला, पावतीवरची तारीख वाचली आणि मग वर माझ्याकडे बघितलं.

“हे कुणाचं गं, ताई?”